घरट्याखालची कपड्यांची दोरी

आडनाव सांगितलं की हल्ली लोक लगेच विचारतात, "ट्वीटन? म्हणजे ते गरुडवाले ट्वीटन?" मी हो म्हणते आणि पुढचे प्रश्न ऐकून घेते. पर्ल कशी आहे, हँक कसा आहे, यंदा अंडी किती. पर्ल आणि हँक ही गरुडांची जोडी. नावं आमच्यापैकी कुणी ठेवलेली नाहीत; पक्षीमंडळानं लोकांची मतं मागवून ठेवली. माझा भाऊ कसा आहे, भावजय कशी आहे, हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. म्हणून म्हटलं, एकदा आर्लिसबद्दल सांगावं. गरुडांबद्दल सांगायला सगळं जग बसलंय.

मी लव्हॉन. लग्न केलं नाही, त्यामुळे आडनाव माहेरचंच राहिलं. आर्लिस ही माझ्या थोरल्या भावाची, व्हर्लिनची बायको. नणंद-भावजय म्हणून आमचं सुरुवातीला फारसं जमलं नाही. मी मनात आलं की बोलून मोकळी होणार, ती मनात आलं की गिळून टाकणार. अशा बाईशी धड भांडताही येत नाही. भांडणाला समोरून काहीतरी यावं लागतं, आणि आर्लिसकडून यायची ती फक्त कॉफी आणि बशीत लिंबाचा केक.

लग्न होऊन ती आमच्या शेतावर आली ती गोठ्यातच आली म्हणायची. सकाळी धार, संध्याकाळी धार, मधल्या वेळात पोरं, स्वयंपाक, चर्चच्या तळघरातली जेवणं, आणि रोजचं धुणं. कपडे वाळवायचं यंत्र घरात आलं तरी ती दोरीवरच घालायची, भर हिवाळ्यातही. आमच्याकडच्या जुन्या बायका घालतात. कपडा दोरीवर गोठून ताठ होतो, आणि मग व्हर्लिनच्या पँटी ती काखेत फळ्या धराव्यात तशा धरून घरात आणायची. बाहेर वाळलेल्या कपड्याला वास चांगला येतो म्हणायची. व्हर्लिनला तो येत होता की नाही कुणास ठाऊक. आमच्या घरातले पुरुष बायकोची स्तुती करत नाहीत. जेवण फारच आवडलं तर "वाईट नाही" म्हणतात, आणि तेवढ्यावर बायकोनं वर्ष काढायचं असतं.

पुढे आर्लिसचे गुडघे गेले, व्हर्लिनची कंबर गेली, मुलगा ॲरिझोनात गेला तो तिकडचाच झाला, आणि शेवटी गाईही विकल्या. गाई ट्रकमध्ये चढत होत्या तेव्हा व्हर्लिन गोठ्यामागे जाऊन उभा राहिला. आर्लिस मला म्हणाली, "आता मात्र मी जरा पाठ टेकणार आहे, लव्हॉन." एवढं लांबलचक वाक्य स्वतःबद्दल बोललेलं मी तिच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं.

आणि घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसे त्याच हिवाळ्यात गरुड आले.

अंगणाच्या कडेला ओढ्याजवळ जुनं कॉटनवुडचं झाड आहे. त्याच्या वरच्या बेचक्यात या जोडीनं काटक्या रचायला सुरुवात केली. या जातीला टकला गरुड म्हणतात. टक्कल कुठंच नाही, उलट डोकं म्हातारीच्या केसांसारखं पांढरंशुभ्र. टक्कल माझ्या भावाला होतं. तो खिडकीतून बघायचा आणि म्हणायचा, "भाडं न देणारे भाडेकरू." ओढ्यातले ट्राउट मासे त्याच्या आधी तेच उचलायचे, त्यामुळे त्याचा गरुडांवर राग होता आणि तो त्यानं कधी लपवला नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे सगळ्यांनी त्याला गरुडांचा भक्त करून टाकलं.

घरट्याची बातमी गावात जायला वेळ लागला नाही. पक्षीमंडळाचे अध्यक्ष राँडल ओपडाल दारात हजर झाले. गावात चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासून निवृत्त झालेला माणूस. स्वच्छ, हसतमुख आणि चिकट. म्हणाले, झाडावर कॅमेरा लावू, दिवसरात्र चालेल, जगभरातले लोक घरबसल्या घरटं बघतील.

आमच्याकडची एक रीत इथं सांगायला हवी. कॉफी पुढे केली की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "कशाला उगाच त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायची. तिसऱ्यांदाही नको म्हणणारा माणूस उद्धट, आणि तीनदा न विचारणारा यजमान कंजूष. कॉफीपुरतं हे ठीक आहे. पण आमची माणसं जन्मभर सगळंच असं करतात. शेजाऱ्यानं तिसऱ्यांदा ट्रॅक्टर मागितला की द्यायचा, मग स्वतःची पेरणी राहिली तरी चालेल. भीड ही भिकेची बहीण, हे आमच्याकडे जेवढं लागू पडतं तेवढं कुठंच पडत नसेल. ओपडालांनी तीनदा विचारलं. आर्लिसनं तिसऱ्यांदा हो म्हटलं.

मग लोक यायला लागले. आधी गावातले, मग मिनेसोटातून, विस्कॉन्सिनमधून, घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन. फेब्रुवारीत अंडी आली की सुरुवात, ती जूनमध्ये पिल्लं उडेपर्यंत. गाड्या आमच्या कच्च्या रस्त्यावर ओळीनं उभ्या. माणसं डोळ्यांना दुर्बीण लावून तास न् तास बसणार, आणि बसली की संडासाला लागणारच. दार वाजायचं. "माफ करा हं, एक मिनिट आत येऊ का?" आर्लिस हो म्हणायची. त्यांच्या बुटांचा चिखल पुसायची, संडास धुवायची, आणि त्यांना लाज वाटू नये म्हणून वर केक पुढे करायची. केक खाल्ला की ते पुढच्या आठवड्याला बहिणीला घेऊन यायचे.

"पाटी लाव दारावर," मी म्हणायचे. "संडास बंद आहे म्हणून."

"बंद नाहीये गं."

"मी आत जाऊन कडी लावते, मग होईल बंद."

ती हसायची, पण डोळ्यांखाली काळं धरायला लागलं होतं. फोन तर विचारूच नका. ओहायोतून कुणी बाई विचारायची, पर्ल आज अंड्यांवरून चार वेळा का उठली. जसं काही आर्लिस पर्लची सासू.

मागच्या सप्टेंबरात व्हर्लिनला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. इस्पितळातून तो गावातल्या केअर सेंटरमध्ये आला. घरी नेणं आर्लिसच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाला उचलणार कोण. तिला ते लागलं. "गाईला मी कधी दुसऱ्याच्या गोठ्यात ठेवलं नाही," ती मला म्हणाली. 

मग आम्ही दोघींनी दिवस वाटून घेतला. मी गावातच राहते, तेव्हा सकाळी मी जायची आणि त्याला नाश्ता भरवायची. दुपारी ती यायची. केअर सेंटरच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठा टीव्ही आहे आणि त्यावर सकाळी गरुड लावलेले असतात. मारिसेला म्हणून तिथं काम करणारी मुलगी आहे, हाताला हलकी, जिभेला हजरजबाबी. तिनं पहिल्याच आठवड्यात व्हर्लिनची खुर्ची टीव्हीसमोर नेली.

"मिस्टर व्हर्लिनना गरुड फार आवडतात," ती म्हणाली.

"त्याला? त्याला संधी मिळाली असती तर त्यानं त्यांचा रस्सा केला असता," मी म्हटलं.

"बघा की. डोळा हलवत नाहीत."

खरंच हलवत नव्हता. हिवाळाभर तो टीव्हीसमोर बसला आणि ओट्सची लापशी खात गेला. मी चमचा पुढे करायची, तो नजर न काढता तोंड उघडायचा. मला वाटलं, झटक्यानं माणसं बदलतात म्हणतात, तसं असेल. किंवा बाकी काही उरलं नाही की माणूस गरुडही बघतो. दुपारी आर्लिस आली की मात्र तो अर्धा झोपेत असायचा. ती त्याचा हात धरून बसायची, आणि बसल्या बसल्या तिलाच डुलकी लागायची. दोघं तशीच. मारिसेला दोघांवर एकच पांघरूण टाकायची.

फेब्रुवारीच्या शेवटी अंडी आली, आणि लोकांच्या मागोमाग ओपडालही आले. हातात बायकोनं आर्लिससाठी दिलेलं हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला बटाट्याचा पदार्थ. बसले. हवापाणी झालं. मग म्हणाले, "आर्लिस, एक लहानशी गोष्ट आहे. तुमची ती कपड्यांची दोरी. चित्रात येते."

कॅमेरा घरट्याच्या वरच्या फांदीवर आहे आणि खाली बघतो, त्यामुळे डाव्या कोपऱ्यात अंगणाचा तुकडा, स्वयंपाकघराचं दार आणि कपड्यांची दोरी दिसते. आम्ही कुणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. पण बघणाऱ्यांचं लक्ष होतं. चित्राच्या बाजूला लोक आपापलं मत लिहीत असतात. निसर्गाच्या मधोमध चड्ड्या कशाला, असं कुणीतरी लिहिलं होतं. पांढऱ्या चादरीनं पर्ल बिचकते, असं दुसऱ्यानं लिहिलं होतं. पर्ल उडत्या हेलिकॉप्टरला बिचकत नाही.

"दोरी घरामागे गेली तर बरं होईल," ओपडाल म्हणाले.

आर्लिस म्हणाली, मागे ऊन येत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, मागे बर्फ साचतो, पाय घसरतो. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. तिनं दोरी सोडली आणि गॅरेजपासून मागच्या मेपलपर्यंत बांधली. अंगणातले लोखंडी खांब तेवढे राहिले.

मला हे कळलं तेव्हा मी चिडले. "स्वतःच्या घरचं धुणं आता लोकांना विचारून घालायचं का?"

"एवढ्याशा गोष्टीवरून कशाला," ती म्हणाली. "माझ्या एकटीचे कपडे असतात तरी किती?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, दुःखही नव्हतं. नुसता थकवा होता, आणि थकलेल्या माणसाशी वाद घालणं म्हणजे पडलेल्याला ढकलणं. 

मार्चमध्ये व्हर्लिननं खाणं सोडलं. एकदम नाही. आधी अर्धी वाटी, मग चार चमचे, मग चमचा ओठाला लागला की तोंड वळवायचा. टीव्हीसमोर तो असायचाच, पण नजर कुठंतरी भलतीकडेच. मी लापशीत मेपलचा पाक घातला, लोणी घातलं, आईच्या हातची असायची तशी दालचिनी घातली. मारिसेलानं तिच्या आईकडून तांदळाची गोड खीर करून आणली. त्यानं एकदा चाखली, दोनदा चाखली आणि डोळे मिटले. डॉक्टरांनी तपासलं, गिळायला अडचण नाही म्हणाले. मग कोपऱ्यात नेऊन आम्हाला सांगितलं, कधी कधी माणूसच ठरवतो.

नाकात नळी घालायची नाही, हे व्हर्लिननं धडधाकट असताना सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणजे खाल्लं तर राहील, नाही तर नाही. एवढा साधा हिशेब होता.

आर्लिस त्या दिवशी त्याच्याजवळ बसून राहिली. जाताना तिनं त्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. ती आता मानेभोवती सैल झाली होती. गाडीत बसताना मला म्हणाली, "माझ्यावर रागावलाय का गं तो? इथं ठेवलं म्हणून?"

"रागावायला तो काय तुझ्यासारखा आहे का, मनात ठेवणारा," मी म्हटलं. पण मलाही तीच भीती होती. घरी जाऊन मी रडले. भाऊ आहे माझा. लहानपणी मला घोड्यावरून पाडणारा, आणि पडले की उचलायला सगळ्यांच्या आधी धावणारा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अंडं फुटायला आलं. केअर सेंटरमध्ये सणासारखी गर्दी. सगळ्यांच्या खुर्च्या टीव्हीसमोर, कुणी नातवंडं आणलेली, स्वयंपाकघरातून आचारीण बाहेर आलेली. पर्ल जरा बाजूला सरली आणि अंड्याला भेग पडलेली दिसली. आतून चोच हलत होती. सगळे पुढे झुकले. मी चमचा हातात धरून तशीच बसले होते, कारण व्हर्लिनला त्या अंड्याचं काही पडलं नव्हतं. तो खुर्चीत एका बाजूला कलला होता.

आणि एकदम त्याच्या घशातून आवाज आला. सात महिन्यांत पहिल्यांदा. "आर."

मी दचकून त्याच्याकडे पाहिलं. तो सरळ झाला होता. डोळे टीव्हीवर, पण अंड्यावर नाहीत. मी त्याच्या नजरेमागे गेले. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, बोटाच्या पेराएवढं लाल काहीतरी अंगणातून चाललं होतं. आर्लिसचं लाल जाकीट. दुर्बीणवाल्यांपैकी कुणाची टोपी वाऱ्यानं उडाली असेल, ती उचलून द्यायला बाहेर आली होती. टोपी दिली, वळली आणि दारातून आत गेली. व्हर्लिनची नजर त्या दारावर थांबली. दार बंदच राहिलं. मग तो हळूहळू पुन्हा कलला.

बाकीचे सगळे टाळ्या वाजवत होते. पिल्लू बाहेर आलं होतं.

मी मारिसेलाला हाक मारली. "हा हिवाळ्यात कधी खायचा? म्हणजे टीव्हीवर काय चालू असताना?"

ती म्हणाली, "सकाळीच की. ती कपडेवाली बाई यायची ना चित्रात, तेव्हा. मी चेष्टा करायची त्यांची, मिस्टर व्हर्लिन, तुमची मैत्रीण आली बघा." मग तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का? कोण आहे ती?"

ती नवीन मुलगी. आर्लिसला तिनं दुपारी, खुर्चीत डुलकी घेताना पाहिलेलं. वरून, एवढीशी दिसणारी बाई तीच, हे तिला कुठून कळणार. मला कळायला हवं होतं, पण मी सकाळी टीव्हीकडे पाठ करून, त्याच्याकडे तोंड करून बसत होते. भरवायचं तर तसंच बसावं लागतं.

मी वाटी तिच्या हातात दिली आणि गाडी काढली.

रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या होत्या. पिल्लू फुटलं म्हणून दोन काउंटी पलीकडून माणसं आली होती. ओपडाल मधोमध उभे राहून सगळ्यांशी हात मिळवत होते, जसं काही अंडं त्यांनीच उबवलं. आर्लिस स्वयंपाकघरात परक्यांचा चिखल पुसत होती. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं.

 हातातलं फडकं तिनं घडी करून मांडीवर ठेवलं.

"मला बघायचा?" ती म्हणाली.

"तुला. गरुडांना नाही."

"कपडे वाळत घालताना?"

"हो."

"इतकी वर्षं मी तिथं कपडे घालतेय, लव्हॉन. तो शेजारून ट्रॅक्टर घेऊन जायचा. मान वर करून बघितलं नाही कधी."

"बघत असेल. आपल्याला काय माहीत?"

तिनं फडक्याकडे पाहिलं. "मी पार दमलेय गं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, यंदा मंडळाला सांगावं, कॅमेरा काढा, लोक नकोत, मला झोपायचंय. मनाशी ठरवलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं तरी नाही म्हणायचं." आणि मग ती रडली. आवाज न करता, फडकं तसंच मांडीवर ठेवून. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. आमच्याकडे कुणी कुणाच्या पाठीवर हात फिरवत नाही, तेव्हा कुठं फिरवायचा हेही मला नीट कळत नव्हतं.

मग ती उठली, जाकीट घातलं आणि मागच्या मेपलची गाठ सोडायला गेली. गाठ गारठून घट्ट झाली होती. मी दातांनी सोडवली. दोरी घेऊन ती पुढच्या अंगणात आली आणि लोखंडी खांबाच्या आकड्याला अडकवायला लागली. खुर्च्यांवरचे लोक दुर्बिणी खाली करून बघायला लागले. ओपडाल घाईघाईनं आले.

"आर्लिस," ते हसत म्हणाले, "आज नको हं. आज सगळीकडून लोक बघताहेत."

"बघू देत," ती म्हणाली, आणि दुसऱ्या खांबाकडे निघाली.

ते मागोमाग गेले. "आपलं ठरलं होतं ना? पिल्लं उडेपर्यंत तरी. जूनपर्यंत फक्त."

"जूनपर्यंत थांबता येणार नाही."

मी पायरीवर उभी होते. आता तिसरं विचारणं येणार होतं, आणि तिसऱ्याला आमच्या घराण्यात कुणी टिकलेलं मी पाहिलं नव्हतं. ओपडालांनाही ते माहीत होतं. त्यांनी टोपी काढली, आवाज मऊ केला.

"सगळ्यांच्या वतीनं विनंती करतो, आर्लिस. एवढ्या लोकांचा आनंद आहे. दोरी मागे राहू दे."

आर्लिसनं गाठ मारली. ओढून बघितली. मग त्यांच्याकडे वळली.

"नाही," ती म्हणाली.

ओपडाल थांबून राहिले. पुढे काहीतरी येईल, माफ करा वगैरे, असं त्यांना वाटलं असेल. काही आलं नाही. ते म्हणाले, मग कॅमेरा जरा उजवीकडे वळवावा लागेल, अंगण येणार नाही असा.

"वळवला तर झाडावरून उतरवा," आर्लिस म्हणाली. "झाड आमचं आहे. व्हर्लिनचं आहे. तो तिथून मला बघतो."

एवढं तिनं परक्या माणसांसमोर, भर अंगणात सांगितलं, आणि कानापर्यंत लाल झाली. ओपडालांना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, आणि म्हणाले की खांब जरा कललाय, उद्या येऊन ठोकून देतो. माणूस वाईट नाही तो. खुर्च्यांतल्या एका बाईनं मात्र विचारलंच, "संडास वापरला तर चालेल ना?"

"चालेल," आर्लिस म्हणाली. माणूस एका दिवसात किती बदलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केअर सेंटरमध्ये गेले ती खुर्ची फिरवून बसले, म्हणजे मलाही टीव्ही दिसेल. व्हर्लिनचा हात उचलला तर त्याला वजनच नव्हतं. लापशीची वाटी मांडीवर घेतली. टीव्हीवर हँक कसलासा मासा फाडत होता आणि पर्ल पिल्लाच्या चोचीत कण कण ठेवत होती. व्हर्लिन डोळे अर्धे मिटून पडला होता. मी चमचा पुढे केला. त्यानं तोंड वळवलं.

चित्राच्या कोपऱ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. लाल जाकीट बाहेर आलं, हातात टोपली.  मारिसेला माझ्यामागे येऊन उभी राहिली.

आर्लिसनं एक सदरा घातला. व्हर्लिनचा, निळ्या चौकड्यांचा. मग दुसरा, मग तिसरा. सात महिने कपाटात असलेले त्याचे सदरे तिनं धुऊन काढले होते. बाजूला लोकांचं लिहिणं वर सरकत होतं. कुणी लिहिलं, या बाईचा नवरा फार कपडे मळवतो वाटतं. कुणी लिहिलं, चित्र घाण झालं. व्हर्लिनचे डोळे उघडले होते. मी चमचा पुन्हा ओठांशी नेला. ओठ मिटलेलेच. तिनं चादर घातली, पँट घातली. तो बघत होता आणि खात नव्हता. मला वाटलं, आपण उशीर केला. सगळं कळलं, पण उशिरा कळलं. माझा हात दुखायला लागला आणि चमचा मी खाली ठेवला.

टोपली रिकामी झाली. ती आता आत जाणार, असं मला वाटलं. ती गेली नाही. तिनं दाराजवळची बादली आणून पालथी घातली, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली आणि झाडाकडे तोंड करून वर बघत राहिली. दमली होती म्हणून बसली असेल. पण सदऱ्यांच्या ओळीखाली, हात मांडीवर ठेवून, काही न करता बसलेली आर्लिस मी जन्मात पाहिली नव्हती. तिच्या नवऱ्यानंही पाहिली नसावी. लोकांनी बाजूला लिहिलं, बघा, बाई पिल्लाला बघत बसली.

व्हर्लिननं डावा हात खुर्चीच्या दांडीवरून उचलला आणि माझ्या मनगटावर ठेवला. मग नजर न काढता त्यानं तोंड उघडलं.

मी चमचा भरला. लापशी गार झाली होती. त्यानं गिळली आणि पुन्हा तोंड उघडलं.